कात्री खाली ठेवा, बाटलीवर प्रमाण लिहा

खानदेशातल्या मुलींच्या आश्रमशाळा आणि वसतिगृहं चालवणाऱ्या संस्थांचे पदाधिकारी, मुख्याध्यापक, अधीक्षिका, गृहपाल आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारे अधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीला मुली घरी आल्या आणि त्यांच्या दप्तरातून एका वसतिगृहाची छापील सूचना माझ्या दुकानापर्यंत पोचली. संस्थेचं नाव मी लिहीत नाही. अशी सूचना काढणारी ती एकटी नाही, आणि कोणा एकाला चव्हाट्यावर आणण्यात मला रस नाही. सूचनेत चार गोष्टी आहेत. सुट्टीवरून परतताना मुलीच्या डोक्यात ऊ किंवा एकही लीख दिसली तर तिला आत घेतलं जाणार नाही. डोकं साफ असल्याचा डॉक्टरचा किंवा मेडिकलवाल्याचा दाखला आणावा. दाखला नसेल तर केस बारीक कापले जातील. आणि संस्थेने ठरवलेलं 'हर्बल उवानाशक तेल' प्रत्येक मुलीने संस्थेतूनच घ्यावं, पैसे पालकांनी हजर होतानाच भरावेत.

मी शहादा-तळोदा पट्ट्यात औषधाचं दुकान चालवते. डी. फार्म. आहे. सूचना आल्यापासून आईबाप काउंटरवर येऊन उभे राहतात. "ताई, डोकं साफ शे असं लिखी द्या." बापाच्या हातात तो कागद, घडी घालून घालून मऊ पडलेला, मागे मुलगी, भर दुपारी डोक्याला रुमाल घट्ट बांधून, नजर फरशीवर. मी दाखला देऊ शकत नाही, तो माझा अधिकारच नाही, हे सांगितलं की बाप खिशातून पैसे काढायला लागतो. त्याला वाटतं, ताईला काही हवंय. आपल्या सूचनेने त्याला हेच शिकवलं आहे.

माझं यात काय आहे, तेही सांगते. मी स्वतः अशाच एका वसतिगृहात राहून शिकले. सहावीत असताना आम्हाला व्हरांड्यात रांगेने बसवून कात्री चालवली होती. घरी गेल्यावर आजीने डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं ते मला नव्हे, वडिलांना विचारलं: पोरनं डोकं बोडकं काबर? आपल्याकडे बाईचं बोडकं डोकं कशाची खूण असते हे आपल्याला ठाऊक आहे, मी सांगायची गरज नाही. दुसरं म्हणजे मी उवांची औषधं विकते. हर्बल विकते, बिनहर्बलही विकते. आपलं तेल बंद झालं तर माझी चार गिऱ्हाइकं वाढतील, असं कोणी म्हणू शकेल. जरूर म्हणावं. म्हणूनच पुढे मी जे मागते आहे त्यात माझ्या दुकानातून काही घ्या असं कुठेही नाही.

आधी तेलाचं बोलते, कारण सूचनेतला हाच भाग वरवर सगळ्यांत निरुपद्रवी दिसतो.

एका पालकाकडून ती बाटली मागून घेतली आणि उजेडात धरून वाचली. पारदर्शक प्लॅस्टिक. पुढच्या बाजूला कडुनिंबाची डहाळी, टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाची पांढरी फुलं, लांब वेणीची हसरी मुलगी आणि '१०० टक्के नैसर्गिक, कोणतेही दुष्परिणाम नाहीत'. मागे घटक: कडुनिंब तेल, करंज तेल, टी ट्री तेल, निलगिरी तेल, कापूर, सीताफळ बीज अर्क. सहाच्या सहा नावांपुढे 'क्यू. एस.' आमच्या धंद्यात याचा अर्थ लागेल तेवढं. बाटली शंभर मिलीपर्यंत भरायला मूळ तेल किती लागलं, तिथे असं लिहिणं समजू शकतं. पण ज्या घटकाच्या जिवावर औषध म्हणून विकायचं त्याच्यापुढेच लागेल तेवढं? मग आत दहा टक्के आहे की वासापुरते दोन थेंब, हे ना आईला कळणार, ना अधीक्षिकेला, ना मला. आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवर घटकाचं नाव, वनस्पतीचा कोणता भाग वापरला आणि त्याचं प्रमाण द्यायचं, असं नियमच सांगतो. खरेदी करताना आपल्यापैकी कोणी बाटली उलटी करून पाहिली का?

माझा वनस्पतींवर राग नाही. उलट मला वाटतं की या तेलांत दम आहे, आणि म्हणूनच त्यांची अशी थट्टा सहन होत नाही. लवंगेतलं युजेनॉल, निलगिरीतलं सिनिऑल, टी ट्रीमधलं टर्पिनेन-४-ऑल, लव्हेंडरमधलं लिनॅलूल या संयुगांनी उवा मरतात, हे कोरिया, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया, इटलीतल्या प्रयोगशाळांत पाहिलं गेलं आहे. ही संयुगं हलकी, लगेच उडणारी. त्यांची वाफ उवेच्या अंगावरच्या श्वसनाच्या बारीक छिद्रांतून आत जाते आणि मज्जातंतूंचं काम बिघडवते. कडुनिंबाचं किंवा करंजाचं तेल हे वेगळं प्रकरण आहे, ते घाण्याचं जड तेल. दोन्ही एकाच बाटलीत ओतून वर 'हर्बल' लिहिलं म्हणजे दोन्हींचा गुण आला, असं होत नाही.

मुलांच्या डोक्यांवरही चाचण्या झाल्या आहेत. २०१० साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये तीन औषधांची तुलना झाली. टी ट्री आणि लव्हेंडर तेलाच्या औषधाने शेवटच्या उपचारानंतर ९७.६ टक्के मुलं उवांपासून मोकळी झाली. पायरेथ्रिनच्या औषधाने फक्त २५ टक्के. हर्बलवाले एवढंच वाक्य उचलतात आणि जाहिरातीत टाकतात. पुढचं कोणी सांगत नाही. त्या औषधात टी ट्री तेल १० टक्के होतं आणि लव्हेंडर १ टक्का, मोजून. ते आठवड्याच्या अंतराने तीनदा लावलं होतं, एकदा नव्हे. तिसरं औषध उवेला नुसतं गुदमरवून मारणारं होतं; त्याचाही निकाल ९७.६ टक्केच आला. आणि मार खाल्लेलं पायरेथ्रिन कुठून येतं? शेवंतीच्या कुळातल्या एका फुलातून! म्हणजे तेही झाडपाल्याचंच. तेव्हा वनस्पतीचं ते चांगलं, कारखान्यातलं ते वाईट, ही वाटणी उवेला मान्य नाही. तिला फक्त कोणतं संयुग, किती आणि किती वेळा एवढंच कळतं.

त्याच वर्षी ब्रिटनमधल्या एका चाचणीत खोबरेल आणि अ‍ॅनिस या बडीशेपेसारख्या वनस्पतीच्या फवाऱ्याने ८२ टक्के जण बरे झाले, पर्मेथ्रिन या कारखान्यात बनणाऱ्या उवानाशकाच्या सौम्य लोशनने ४२ टक्के. खोबरेल आपल्या घराघरात असतं, म्हणून हे वाचून मला बरं वाटलं. पण तिथेही बाटलीत काय किती होतं हे छापलेलं होतं.

आता लिखांचं. इथे सगळ्यांचा घोटाळा होतो, आणि आपल्या सूचनेतला तर फारच. उवेची मादी रोज सहा ते आठ अंडी घालते, ती केसाच्या मुळाशी सिमेंटने चिकटवल्यासारखी चिकटवते. अंडं फुटायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. पहिले काही दिवस अंड्यातल्या पिलाचे मज्जातंतूच पुरते तयार झालेले नसतात, मग मज्जातंतूंवर काम करणारं औषध त्याला लागू कसं पडणार? ऑस्ट्रेलियातल्या त्याच मंडळींनी २०११ साली लिखांवर एकदा औषध लावून पाहिलं. टी ट्री-लव्हेंडरने जेमतेम ४४ टक्के लिखा मेल्या. निलगिरी आणि लेमन टी ट्रीच्या औषधाने साडेतीन टक्केसुद्धा नाहीत. म्हणजे आज तेल चोपडून रविवारी केस धुतले की आठवड्याने डोक्यात नवी पिलं हिंडायला लागणार. दुसरा हात ठरल्या दिवशी द्यावाच लागतो. आपल्या सूचनेत दुसऱ्या वेळेचा उल्लेख कुठेही नाही. मग पंधरा दिवसांनी मुलीच्या डोक्यात पुन्हा उवा दिसल्या की दोष कोणाला? मुलीला. "नीट लावलं नसेल."

आणि तेल ठेवता कुठे? मी विचारलं, मुलींनी सांगितलं: कोठीघरात, वर पत्रे. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिसावर जातो, शहाद्यालाही काही गारवा नसतो. ही सुगंधी तेलं उष्णतेने उडतात, उजेड आणि हवा लागली की बिघडतात. बिघडलेल्या टी ट्री तेलाने त्वचेला अ‍ॅलर्जी येते, हे त्वचारोगाच्या डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. म्हणून चांगलं तेल गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत येतं. उन्हाळाभर पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये शिजलेलं तेल जूनमध्ये मुलींच्या डोक्यावर ओतायचं आणि आग होते म्हणाली तर "औषध लागू पडतंय" म्हणायचं, हे मी ऐकलं आहे.

दुष्परिणाम नाहीत, या वाक्याबद्दल थोडं कडक बोलते. कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येतात. निलगिरी तेल चमचाभर गेलं तरी मूल बेशुद्ध पडू शकतं. पहिली-दुसरीच्या मुली ज्या खोलीत झोपतात तिथे या बाटल्या उशाशी ठेवायला दिल्या आहेत. आणि सीताफळाचं बी! आपल्या डोंगरात सीताफळ पैशाला पासरी. बिया वाटून डोक्याला लावायची रीत घराघरात आहे, उवा त्याने मरतातही. पण त्या बियांतलं द्रव्य डोळ्यात गेलं तर बुबुळावरचा पडदा सोलल्यासारखा होतो. असंख्य सुया टोचाव्यात तशी कळ, डोळा उघडत नाही, दिवसचे दिवस दिसत नाही. देशातल्या नेत्रतज्ज्ञांनी असे रुग्ण नोंदवून ठेवले आहेत. डोकं धुताना तेल कुठे ओघळतं? डोळ्यांतच. तो अर्क किती टाकला आहे हे न लिहिता, डोळे झाकून घ्या एवढीही सूचना न छापता बाटली शाळकरी मुलींच्या हातात देणं मला औषधवाली म्हणून मंजूर नाही.

उवांसाठी हाकलून दिलेल्या मुलीच्या घरी काय होतं, तेही ऐका. बापाला दाखला हवा असतो आणि तो उद्याच हवा असतो. मग कोणी रॉकेल चोळतं आणि चुलीपाशी केस वाळवायला बसवतं. कोणी कपाशीवर फवारायचं औषध पाण्यात चार थेंब म्हणून डोक्याला लावतं. आपल्या भागात ते प्रत्येक घराच्या आढ्याला टांगलेलं असतं. ते कातडीतून अंगात उतरतं. ओरखडलेल्या टाळूतून तर लवकरच. तोंडातून फेस, बाहुल्या टाचणीएवढ्या, श्वास अडकलेला. हे कशाचं विष आहे हे सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना सांगावं लागत नाही. आईबापांचा अडाणीपणा म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. ज्या कागदाने त्यांना घाईला लावलं तो आपला आहे.

आता त्या 'एकही लीख नको' या अटीबद्दल. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. जिवंत लीख टाळूपासून जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरच्या आत असते. दोन बोटं दूर दिसते ते रिकामं टरफल, कधीचं फुटून गेलेलं. ते निघत नाही म्हणून मुलीला दारातून परत पाठवायचं? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने स्पष्ट म्हटलं आहे की उवांसाठी निरोगी मुलाला शाळेबाहेर ठेवू नये आणि लिखा पूर्ण जाईपर्यंत येऊ नको ही अट टाकून द्यावी. तिथे मूल संध्याकाळी घरी तरी जातं. आपली मुलगी अक्राणीच्या पाड्यावरून दोन गाड्या बदलून येते. तिला परत पाठवलं की ती आठवडाभर तरी येत नाही, आणि त्यांतली एखादी येतच नाही. मग तिचं लग्न होतं.

डोक्यातली ऊ उडी मारत नाही, उडत नाही. तिच्याने कोणता रोग पसरत नाही. टायफसचा ताप पसरवते ती अंगावरची ऊ, ती वेगळी. डोक्याला डोकं लागलं की ही चालत जाते. मुली एका सतरंजीवर तिघी झोपतात, थंडीत गळ्यात गळा घालून, मग ती जाणारच. घाणीचा आणि तिचा संबंध नाही, धुतलेल्या केसांतही ती सुखाने राहते. हे एवढ्यासाठी सांगते की एका बैठकीत माझ्यासमोर एक जबाबदार बाई म्हणाल्या, "या पाड्यावरच्या पोरींना अंघोळीची सवयच नसते." ज्या वसतिगृहात उन्हाळ्यात टँकर आला तर डोकं धुवायला पाणी मिळतं, तिथे हे म्हणायला धीर लागतो. मुलांच्या वसतिगृहात उवांची बोंब नसते याचं कारण मुलांची स्वच्छता नव्हे, मुलांचे केस आखूड असतात म्हणून दिसत नाहीत.

कात्रीबद्दल मी जास्त लिहीत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देऊ नये असं सांगतं. प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यांसमोर डोकं तपासणं आणि मर्जीविरुद्ध केस कापणं हे यांतल्या कशात मोडतं, ते आपणच ठरवा. एखाद्या मुलीला स्वतःहून आखूड केस हवे असतील तर जरूर कापा. आणि खोल्यांत कीटकनाशक मारायचं, गाद्या जाळायच्या, हे प्रकारही थांबवा. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत उपाशी मरते. अंथरूण कडक उन्हात टाकलं, टॉवेल-रुमाल गरम पाण्यात धुतले की झालं. त्या पैशात पाण्याची टाकी दुरुस्त होईल.

मग करायचं काय? सर्वांत स्वस्त उपाय आपल्या आज्यांच्या हातात होता: फणी. कंगवा नव्हे, बारीक दातांची फणी. २००५ साली ब्रिटनमध्ये ओले केस कंडिशनर लावून दोन आठवड्यांत चार वेळा बारीक फणीने विंचरणाऱ्या मुलांची तुलना एकदाच औषध लावलेल्या मुलांशी झाली. विंचरून बरी झाली ५७ टक्के, औषधाने १३. सत्तावन्न म्हणजे काही शंभर नव्हे, मान्य; म्हणून औषधाची जोड हवी. पण १३ हा आकडा नीट पाहा. एकदाच लावून मोकळं व्हायचं, हीच तर आपली पद्धत आहे. ओल्या केसांना भरपूर खोबरेल लावा, चार-चार बोटांचे भाग पाडा, टाळूला दात टेकवून टोकापर्यंत ओढा, दर ओढीनंतर फणी पांढऱ्या फडक्यावर पुसा. तेलात ऊ पळू शकत नाही. फडक्यावर तपकिरी ठिपके हलताना दिसले की समजायचं, औषध द्यायचं. एका मुलीला अर्धा तास. मुली एकमेकींना करतात आणि त्यात गप्पाही होतात, शिक्षा वाटत नाही.

एका बैठकीत एक सद्गृहस्थ म्हणाले, आपल्या सातपुड्यातल्या रोशा गवताचं तेल का वापरू नये? प्रश्न मला आवडला. इंग्रज अमदानीतल्या गॅझेटिअरात नंदुरबारच्या नोंदीत रोशा तेलाचं नाव आहे, संधिवातावर गुणकारी म्हणून. आपल्या डोंगरातल्या भट्ट्यांवर निघालेलं हे तेल मुंबईमार्गे परदेशी जायचं आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळ करायला वापरलं जायचं. त्यातलं मुख्य द्रव्य जिरॅनिऑल, आणि उवा-डासांवर ज्या सुगंधी संयुगांची परीक्षा झाली त्यांत तेही आहे. बचत गटाच्या बायांनी ते काढावं, त्यांच्या हातात चार पैसे पडावेत, मला आनंदच होईल. पण आधी तपासणी, मग किती टक्के वापरायचं ते डॉक्टर ठरवतील, मग मुलींचं डोकं. गवत आपल्या मातीतलं आहे एवढ्यावर त्याला सूट देता येणार नाही. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात तेल तंत्रज्ञान शिकवलं जातं. गॅस क्रोमॅटोग्राफीवर तेल लावलं की आत काय किती आहे ते कागदावर उतरतं. आपल्या सध्याच्या बाटलीलाही तिथवर जाऊ द्या.

तर माझ्या मागण्या अशा:

१. उवा-लिखांवरून कोणत्याही मुलीला दारातून परत पाठवू नये, दाखला मागू नये, आणि तिच्या व पालकांच्या संमतीशिवाय केसांना कात्री लावू नये. जुन्या सूचना लेखी मागे घ्याव्यात. तोंडी नको, तोंडी सांगितलेलं पाड्यापर्यंत पोचत नाही.

२. हर्बल तेलाची सक्तीची विक्री आजपासून बंद व्हावी आणि घेतलेले पैसे परत मिळावेत. आश्रमशाळेत राहणं-खाणं-शिकणं मोफत आहे, उवांचा उपचार त्याबाहेर कसा? तेल कोणत्या दराने, कोणाकडून, किती बाटल्या घेतलं, ते फलकावर लावावं.

३. पुढे कोणतंही वनस्पतिजन्य औषध घ्यायचं तर मुख्य घटकांची टक्केवारी, उत्पादन आणि मुदतीची तारीख, किती वेळ ठेवायचं, पुन्हा कधी लावायचं आणि डोळ्यांत गेल्यास काय करायचं, हे मराठीत छापलेलं असल्याशिवाय घेऊ नये. प्रत्येक बॅचमधली एक बाटली तपासणीला जावी. सीताफळाच्या बियांचा अर्क असलेलं काहीही नको. बाटल्या कुलपात, सावलीत, मोठ्या माणसाच्या ताब्यात राहाव्यात.

४. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी उपचार ठरवावा. एक टक्का पर्मेथ्रिनचं लोशन जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. काही ठिकाणी उवा त्याला दाद देत नाहीत, हेही खरं. मग पुढचं औषध डॉक्टर बघतील. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या कोणी आपल्या मनाने वाटू नयेत, पंधरा किलोंच्या आतल्या मुलींना तर नाहीच.

५. प्रत्येक मुलीला स्वतःची धातूची बारीक फणी. सगळ्या खोल्यांचा उपचार एकाच दिवशी, दुसरा आणि तिसरा हात आठवड्या-आठवड्याने, तारखा फलकावर. मधल्या काळात आठवड्यातून दोनदा ओलं विंचरणं. त्या दिवशी डोकं धुण्याइतकं पाणी राखून ठेवावं. तपासणी आडोशाला, बाईमाणसाने करावी.

६. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्याच्या नोंदीत उवा आणि टाळूच्या जखमा वेगळ्या लिहाव्यात. नोंद झाली की पुढच्या वर्षी कोणता उपाय चालला हे निदान मोजता येईल.

यांतली एकही मागणी अशी नाही की जिला मंत्रालयातून मंजुरी लागावी. पहिली तर एका कागदाने पुरी होते. सुट्टी संपून मुली परततील त्याच्या आधी तो कागद निघावा, कारण माझ्याकडे दाखला मागायला येणारे आईबाप कालही आले होते.

फणी कशी चालवायची हे अधीक्षिकांना आणि मोठ्या मुलींना दाखवायला मी सुट्टीच्या दिवशी येईन, दुकान बंद ठेवून. मानधन नको, बॅनर नको, माझ्या दुकानाचं नाव कुठे लावायचं नाही. पांढरी फडकी मात्र तुम्ही आणा. आणि माझ्या लिहिण्यात औषधशास्त्राची काही चूक असेल तर आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ती याच पत्रासारखी उघड दाखवून द्यावी. उत्तर मला एकटीला नको, आपल्या शाळेच्या फलकावर लावा.

आपली विश्वासू,
एक औषधविक्रेती, आणि एके काळची वसतिगृहातली मुलगी
शहादा परिसर, जि. नंदुरबार